पुडीतलं स्टेरॉइड करंटनं सापडते का?

प्रश्न: बाजारातल्या गुडघेदुखीच्या पुडीनं माय चालाले लागली पण तोंड सुजलं, डॉक्टर म्हणते स्टेरॉइड असन. मशीनवर समजते म्हणे? – एक वाचक, दारव्हा

उत्तर: समजते भाऊ. पुडीच्या द्रावणात इलेक्ट्रोड (करंट नेणारी कांडी) बुडवून व्होल्टेज हळूहळू बदलतात, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असलं तर ठराविक व्होल्टेजला रेणू इलेक्ट्रॉन घेतो अन् करंट उसळी मारतो, स्टेरॉइड जास्त तेवढी उसळी उंच. (ही मूळ पद्धत चेक शास्त्रज्ञ हेरॉव्हस्कींची, १९२२ ची, नाव पोलॅरोग्राफी.) दोन्हीची उसळी जवळपास एकाच जागी येते म्हणून नाव पक्कं कराले दुसरी टेस्ट लागतेच. रक्तात तर भलतीच कटकट, औषध थोडंसंच अन् प्रथिनं इलेक्ट्रोडवर चिकटतात, ती आधी काढा लागतात. गावच्या लॅबात हे होत नाही, पुडी अन्न व औषध प्रशासनाकडे द्या. पण मायची पुडी मनानं एकदम तोडू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड (कॉर्टिसॉल) बनणं मंदावलेलं असू शकते, डॉक्टरले आजच विचारा.