थेरपिस्ट व्हायचंय, सुरुवात कम्युनिटी कॉलेजातून

मुलगी कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात) मानसशास्त्र शिकते. पुढे युनिव्हर्सिटीत हे सगळे विषय धरतील ना?

आपोआप धरत नाहीत, आणि पैसे वाया जातात ते इथेच. तिला ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’च घ्यायला सांगा. ही ६० सेमिस्टर युनिटांची (म्हणजे क्रेडिटांची) पदवी असली, की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेशाची हमी मिळते आणि त्याच किंवा जवळच्या विषयात आणखी ६० युनिटांत बीए होतं. हमी प्रवेशाची आहे, हव्या त्या कॅम्पसची नाही. संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती हे विषय आत्ताच उरकू द्या. कोणता विषय कुठे धरतात, ते ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर तिनं स्वतः बघावं. ‘कॉलेजच्या कौन्सेलरनी सांगितलं होतं’ याला नंतर कुणी विचारत नाही.

बीए झाल्यावर थेरपी देता येते का?

नाही. परवान्यासाठी मास्टर्स लागतं आणि सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर डॉक्टरेट. एलएमएफटी (विवाह आणि कुटुंब थेरपिस्ट), एलसीएसडब्ल्यू (क्लिनिकल सोशल वर्कर) आणि एलपीसीसी (व्यावसायिक क्लिनिकल कौन्सेलर) या तिन्ही परवान्यांसाठी कॅलिफोर्नियात देखरेखीखाली ३,००० तास काम करावं लागतं. याला किमान १०४ आठवडे लागतात, प्रत्यक्षात बरेचदा जास्त.

मुलाला थेरपीच करायची आहे, पण तो सोशल वर्क घेऊ म्हणतो. आम्हाला पटत नाही.

मला पटतं. आपल्याकडे ‘समाजकार्य’ म्हटलं की झोळी आणि संस्था डोळ्यांपुढे येते. पण एलसीएसडब्ल्यू मानसोपचार करतात, स्वतःची प्रॅक्टिसही चालवतात. शिवाय मान्यताप्राप्त बीएसडब्ल्यू (सोशल वर्कमधली पदवी) असेल, तर बऱ्याच ठिकाणी एमएसडब्ल्यूला (सोशल वर्कमधल्या मास्टर्सला) ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग’ मिळतं आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम साधारण वर्षात होतो. मानसशास्त्राच्या बीएला ही सवलत नाही. अट एकच: बीएसडब्ल्यूला सोशल वर्क शिक्षण परिषदेची, म्हणजे सीएसडब्ल्यूईची मान्यता हवी. प्रवेश घेण्याआधी परिषदेच्या यादीत नाव शोधा, माहितीपत्रकावर विसंबू नका. मुलाचा कल अजून पक्का नसेल, तर मात्र मानसशास्त्र घेऊ द्या. त्यातून पुढे तिन्ही परवान्यांकडे जाता येतं.

परवाना मिळाल्यावर टेक्सासला गेलो तर?

परवाना राज्याचा असतो, त्यामुळे तिथल्या बोर्डाकडे नव्यानं अर्ज करावा लागेल. तासांच्या नोंदी सुपरवायझरच्या सहीनिशी वेळच्या वेळी घेऊन जपून ठेवा. चार वर्षांनी तो सुपरवायझर कुठे असेल, सांगता येत नाही.