पुराच्या ड्युटीवर पहिल्यांदा जाताना

तू पोलीस खात्यात नवीन लागलायस, म्हणून सांगतो. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं, तेव्हा लाईट नाही, मोबाईल बंद. कामी आली ती वस्तीची ओळख. पावसाळ्याआधी बीट, म्हणजे तुझ्या गस्तीचा भाग, पायी फिर. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, होडी कुणाकडे आहे, वहीत लिही. भरतीची वेळसुद्धा. खाडीला भरती असली की नदीचं पाणी लवकर ओसरत नाही.

गढूळ पाण्यात काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नकोस, गटारांची झाकणं निघालेली असतात. एका आजींनी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधला, तेव्हाच होडीत बसल्या. तेवढा वेळ दे रे.

नंतर चिखलात उतरायचंय. पायाला जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारून लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापावरची, गोळी घे.