वेब प्रोग्रामिंग आणि डेटाबेस शिकायला कोणती पुस्तकं घ्यावीत?

बीसीएसचं (संगणकशास्त्राच्या पदवीचं) शेवटचं वर्ष, व्हिडिओ बघून बघून डोकं भणभणलंय, हातात दोन हजार रुपये, इंग्रजी वाचायला वेळ लागतो, तर वेब आणि डेटाबेससाठी कोणती पुस्तकं घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

सगळे पैसे डेटाबेसवर घाला. वेबचं छापील पुस्तक विकतच घेऊ नका.

नोकरीच्या जाहिरातीत रिअ‍ॅक्ट आणि नोड ही वेबच्या साधनांची नावं ठळक असतात, म्हणून हे उलटं वाटेल. पण वेबची पुस्तकं पालेभाजीसारखी असतात, ताजी असतील तरच उपयोग. डेटाबेसची लोणच्यासारखी, मुरलेली असली तरी चालतात. एडगर कॉडने रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत ठेवायची पद्धत) मांडलं १९७० साली, आणि आज तुम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जॉइन लिहिता, म्हणजे दोन टेबलं जोडता, ते त्याच पायावर. दुसरीकडे जावास्क्रिप्टमध्ये लेट, कॉन्स्ट, अ‍ॅरो फंक्शन, प्रॉमिस हे सगळं २०१५ च्या आवृत्तीत आलं. त्याआधीचं पुस्तक कितीही गाजलेलं असो, आजच्या कंपनीतला कोड समोर आला की त्यातली निम्मी चिन्हं तुम्हाला अनोळखी वाटतील. पानाची मांडणी करायचं सीएसएस ग्रिड मोठ्या ब्राउझरांमध्ये २०१७ मध्ये आलं. जॉन डकेटचं एचटीएमएल-सीएसएसचं पुस्तक दिसायला इतकं देखणं आहे की हातातून ठेववत नाही, पण ते २०११ चं, त्यातला पानाचा लेआउट फ्लोट या जुन्या युक्तीवर बेतलेला. टॅग काय असतो हे समजायला छान, पण मांडणी त्यातून शिकू नका.

हे शहाणपण मला उशिरा आलं. २०१२ मध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून अडीचशे रुपयांना पीएचपी (वेबची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांचं विटेएवढं जाड जुनं पुस्तक घेतलं होतं. नाव सांगत नाही, तेव्हा सगळी पुस्तकं थोड्याफार फरकाने तशीच होती. त्यावरून मामाच्या कृषी सेवा केंद्रासाठी एक छोटी सिस्टीम केली. शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल, कोणकोणती पिकं, आणि त्यावरून औषधाचा एसएमएस पाठवायचा.

पहिल्याच रात्री दणका. पीएचपीमायअ‍ॅडमिन या डेटाबेस हाताळायच्या पानावरून मराठीत नावं भरली आणि उघडून बघते तर सगळीकडे प्रश्नचिन्हं. तेव्हा मायएसक्यूएलचं मूळ कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन-१ असायचं, त्यात देवनागरी मावत नाही. आणि एकदा प्रश्नचिन्ह साठवलं गेलं की ते प्रश्नचिन्हच, मागचं अक्षर परत येत नाही. दीडशे नावं पुन्हा टाईप केली. पुस्तकात याबद्दल चकार शब्द नव्हता, लेखकाची सगळी गिऱ्हाइकं इंग्रजी नावांची. २०१८ च्या मायएसक्यूएल ८ पासून सगळ्या लिप्या मावणारं यूटीएफ-८-एमबी-४ आपोआप मिळतं. पण जुनं पुस्तक आणि जुना सर्व्हर अशी जोडी जमली तर हा खड्डा अजून तिथेच आहे. आणि नुसतं "यूटीएफ-८" लिहिलं की झालं असंही समजू नका. मायएसक्यूएलमधलं ते नाव तीन बाइटांपर्यंतच जातं. देवनागरी अक्षर तीन बाइटांत बसतं, इमोजीला चार लागतात.

दुसरी चूक जास्त महाग पडली. पिकांसाठी मी एकच कॉलम केला आणि त्यात स्वल्पविराम देऊन लिहीत गेले: "कापूस,भुईमूग,मका". शोधायला लाईक लावलं, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह, म्हणजे शब्द मजकुरात कुठेही सापडला तरी चालेल. पावसाळ्यात मुगावर भुरी पडली, मामा म्हणाला मूगवाल्यांना एसएमएस टाक. टाकला. दुसऱ्या दिवशी दुकानात भुईमूगवाले हजर. "आमच्याकडे तर टिक्का आलाय, भुरीचं औषध कशाला सांगताय?" "भुईमूग" या शब्दात "मूग" आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मामा अजून प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी बिल कार्विनचं एसक्यूएल अँटिपॅटर्न्स हे पुस्तक हाती लागलं (एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा). त्यात सांगितलेली पहिलीच चूक ही! एका कॉलममध्ये स्वल्पविरामांची यादी कोंबायची सवय. त्याने तिला नाव दिलंय जेवॉकिंग, म्हणजे चौकात न जाता मध्येच रस्ता ओलांडणं. इंग्रजीत चौकालाही इंटरसेक्शन म्हणतात आणि दोन टेबलांना जोडणाऱ्या मधल्या टेबलालाही, म्हणून ती कोटी. शेतकरी एक टेबल, पीक दुसरं, आणि कोणाकडे काय हे सांगणारं तिसरं: इतकंच करायचं होतं. पहिली आवृत्ती २०१० ची, म्हणजे मी माती खाल्ली तेव्हा ते बाजारात होतं. छोटी प्रकरणं, प्रत्येकात आधी चूक, मग तिचे परिणाम, मग कधी ती चालून जाते, मग उपाय. इंग्रजीचा वेग कमी असलेल्यांना अशी रचना सोपी जाते, कारण चौथ्या प्रकरणापर्यंत कुठल्या परिच्छेदात काय येणार याचा अंदाज बसतो. फक्त थोडं एसक्यूएल हाताखालून गेल्यावर वाचा, आधी नको.

मग पहिलं कोणतं? अगदी कोरी पाटी असेल तर अ‍ॅलन ब्यूलिएचं लर्निंग एसक्यूएल, २०२० ची तिसरी आवृत्ती. त्यात साकिला नावाचा तयार डेटाबेस वापरलाय, सिनेमे भाड्याने देणाऱ्या दुकानाचा. तो फुकट उतरवून घेता येतो, त्यामुळे पुस्तकातली क्वेरी तशीच्या तशी चालवून बघता येते. हे पुस्तक ओरायली या प्रकाशनाचं. त्यांच्या बऱ्याच पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या मुंबईचे श्रॉफ पब्लिशर्स छापतात. कागद साधा, चित्रं काळी-पांढरी, मजकूर तोच. परदेशी प्रत मागवायच्या आधी ती आहे का बघा.

आणि कायमचं घरात ठेवायचं पुस्तक म्हणजे सिल्बरशात्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं डेटाबेस सिस्टीम कन्सेप्ट्स, शिडाच्या होड्यांच्या मुखपृष्ठाचं. बहुधा तुमच्या सिलॅबसच्या संदर्भयादीत असेलच आणि वर्गात कुणी उघडलं नसेल. यातले एस. सुदर्शन आपल्या आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. पहिली आवृत्ती १९८६ ची, सातवी २०१९ ची. सातवीच हवी असा हट्ट धरू नका. सहावी किंवा पाचवी जुन्या बाजारात मिळाली तर उचला. पाचवीत उदाहरणं बँकेची आहेत, सहावीपासून विद्यापीठाची, पण नॉर्मलायझेशन (टेबलं नीट विभागणं), इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आणि ट्रान्झॅक्शन (सगळं होईल किंवा काहीच नाही असा व्यवहार) समजायला काही अडत नाही. विद्यापीठाच्या उदाहरणात गंमत आहे: प्राध्यापकांच्या टेबलात आइन्स्टाइन, मोत्झार्ट आणि श्रीनिवासन एकत्र नोकरीला, आणि मोत्झार्टचा पगार सगळ्यांत कमी. पुस्तकाच्या साईटवर स्लाइड आणि सरावप्रश्नांची उत्तरं फुकट आहेत. आधी स्लाइड वाचा, मग प्रकरण, म्हणजे इंग्रजी जड जाणार नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला बसू नका, पंधरा दिवसांत त्याची उशी होईल. रिलेशनल मॉडेल, एसक्यूएलची सुरुवातीची प्रकरणं, ईआर (टेबलांच्या नात्यांचा आराखडा) आणि नॉर्मलायझेशन एवढं आत्ता. इंडेक्स आणि ट्रान्झॅक्शन नोकरी लागायच्या आत. क्वेरी प्रोसेसिंग, रिकव्हरी वगैरे गरज पडेल तेव्हा.

मार्टिन क्लेपमनचं डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह अ‍ॅप्लिकेशन्स, रानडुकराच्या चित्राचं, तुम्हाला हमखास कुणीतरी सुचवेल. पुस्तक उत्तम आहे, पण आत्ता घेऊ नका. त्यातले प्रश्न ज्याने कधी भोगले नाहीत त्याला उत्तरांची चव कळत नाही. दोन वर्षं नोकरी करा, एकदा रात्री दोनला सर्व्हर पडू दे, मग घ्या.

दुकानात उभ्या उभ्या पुस्तक पारखायची माझी रीत सांगते. आवृत्तीचं साल बघून मी थांबत नाही, कारण नवं मुखपृष्ठ घालून आतला जुनाच मजकूर विकतात. डेटाबेसचं असेल तर मागच्या सूचीतून नल (किंमत माहीतच नाही याची खूण) शोधते आणि ते पान उघडते. "शहर पुणे नाही असे ग्राहक द्या" अशी क्वेरी लिहिली तर ज्यांचं शहर भरलेलंच नाही ते ग्राहक यादीत येत नाहीत. "या यादीत नसलेले द्या" म्हणणाऱ्या नॉट इनच्या कंसात एक जरी नल घुसला तर एकही ओळ येत नाही. हे ज्या पुस्तकात उदाहरणासकट आहे त्याच्या लेखकाने खरा डेटा हाताळलाय. ज्यात "नल म्हणजे रिकामी किंमत" एवढ्यावर बोळवण केलीय ते परत फडताळात.

पीएचपीचं असेल तर मायएसक्यूएल_कनेक्ट हे फंक्शन दिसतंय का बघायचं. डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७ मध्ये ती सगळी फंक्शनं काढूनच टाकली, म्हणजे त्या पुस्तकातला पहिलाच प्रोग्राम आज चालणार नाही. भाषा कोणतीही असो, लॉगिनचा कोड असलेलं पान उघडा. युजरनेम सरळ चिकटवून क्वेरीची स्ट्रिंग तयार केली असेल तर पुस्तक मिटा, तो एसक्यूएल इंजेक्शनचा (फॉर्ममधून घुसवलेल्या मजकुराने डेटाबेस फोडण्याचा) धडा आहे, लेखकाला न कळता दिलेला. किंमत पॅरामीटर म्हणून वेगळी पाठवलेली पाहिजे. पासवर्ड एमडी५ या सहज फुटणाऱ्या जुन्या पद्धतीने ठेवायला सांगत असेल तरी मिटा. हीच परीक्षा व्हिडिओंना लावून बघा, बरेच जण गळतील.

फुटपाथवर अँग्युलरजेएस या वेब फ्रेमवर्कची (तयार सांगाड्याची) पुस्तकं पन्नास-शंभरला पडलेली दिसतील. नावाला भुलू नका. २०१६ मध्ये आलेलं अँग्युलर नव्याने लिहिलेलं आहे आणि जुन्या अँग्युलरजेएसचा सपोर्ट २०२१ अखेर संपला. रिअ‍ॅक्टचंही तसंच, फेब्रुवारी २०१९ मध्ये हुक्स ही नवी पद्धत आली आणि क्लास कंपोनंट शिकवणारी पुस्तकं एका झटक्यात शिळी झाली. फ्रेमवर्क नेहमी त्याच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनवरून शिकायचं.

वेबसाठी मग वाचायचं काय? एचटीएमएल, सीएसएससाठी एमडीएन ही मोझिलाची फुकट साईट. जावास्क्रिप्टसाठी मारेन हावरबेकेचं एलोक्वंट जावास्क्रिप्ट, लेखकाने स्वतःच साईटवर फुकट ठेवलंय, चौथी आवृत्ती २०२४ ची. पहिली तीन प्रकरणं सरळ जातात. चौथ्यात एक माणूस मधूनच खार होतो आणि का होतो हे शोधायला रोजनिशी लिहितो, तिच्यावर अ‍ॅरे आणि ऑब्जेक्ट शिकवलेत. (उत्तर शेंगदाण्यांपाशी निघतं. माझ्यामागे भुईमूग काही सुटत नाही.) पाचव्यात चढ लागतो, तिथे बरेच जण सोडतात. तुम्ही सोडू नका, दिवसाला तीन पानं झाली तरी चालेल. इंडेक्ससाठी मार्कस विनांडची यूज द इंडेक्स, ल्यूक ही साईट, तीही फुकट.

इंग्रजीची काळजी करू नका. कादंबरीच्या इंग्रजीपेक्षा हे सोपं असतं, तेच तीनशे शब्द फिरून फिरून येतात. वाचताना मोबाईल लांब आणि लॅपटॉप उघडा ठेवा. पुस्तकातलं उदाहरण एकदा जसंच्या तसं चालवा आणि मग तीच क्वेरी स्वतःच्या टेबलांवर लिहा. होस्टेलला असाल तर खाणावळ घ्या. सभासद, महिन्याचे पैसे, खाडे, पाहुण्यांची ताटं. "प्रत्येकाचे या महिन्यात किती खाडे" ही क्वेरी साध्या जॉइनने लिहा. ज्याने एकही खाडा केला नाही तो यादीतून गायब होईल आणि त्याचं बिलच निघणार नाही. लेफ्ट जॉइन कशासाठी असतो हे तिथे कळतं. मग तो लावा, व्हेअरमध्ये महिन्याची अट टाका, आणि तो पठ्ठ्या पुन्हा गायब झालेला बघा. ती अट ऑनमध्ये का न्यावी लागते हे स्वतः शोधा, मी सांगणार नाही.

खरेदी म्हणाल तर आधी कॉलेजच्या लायब्ररीत होड्यांचं पुस्तक आहे का बघा, असलं तर पैसे वाचले. नसेल तर जुनी प्रत. उरलेल्यात लर्निंग एसक्यूएलची भारतीय आवृत्ती. कार्विन सहा महिन्यांनी. खाणावळीची टेबलं मांडून झाली की इथेच कॉमेंटमध्ये टाका, रविवारी सवडीने बघते.