वाचकांचे प्रश्न : ताप उतरलाय, शाळेत पाठवू का?

प्रश्न : मुलगी सीनियर केजीत आहे, वजन १६ किलो. रात्री १०१ ताप होता. सकाळी सहाला पॅरासिटामॉल दिल्यावर उतरला, म्हणून शाळेत पाठवली. साडेदहाला शाळेतून फोन आला, ‘घेऊन जा.’ मी चर्चगेटला नोकरी करते, घर कांजूरमार्गला. ‘२४ तास ताप नको’ हा नियम जरा जास्तच कडक नाही का?
– एक आई, कांजूरमार्ग

उत्तर : तुमची ओढाताण समजते, पण या नियमात शाळेचं चुकत नाही. पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास टिकतो. सहाला दिलेलं औषध दहा-साडेदहाला ओसरू लागतं आणि दबलेला ताप पुन्हा चढतो. म्हणून २४ तास मोजायचे ते औषधाशिवायचे. शेवटचा डोस सोमवारी सकाळी सहाला दिला असेल, तर त्याचा असर दुपारी बारापर्यंत धरा. तिथून मंगळवार दुपारपर्यंत अंग गार राहिलं, तर बुधवारी शाळा.

कपाळाला हात लावून ठरवू नका. डिजिटल थर्मामीटरचं टोक काखेच्या खोल खळग्यात ठेवा, दंड अंगाशी घट्ट धरा आणि बीप वाजेपर्यंत हलू देऊ नका. काखेत ९९.५ च्या वर आकडा गेला की ताप समजायचा.

डोसात मात्र फार चुका होतात. एका वेळचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला २४० मिलिग्रॅम. बाटलीवर ‘५ मिलित २५० मिलिग्रॅम’ असेल तर पावणेपाच मिलि पुरे. ‘५ मिलित १२०’ असेल तर १० मिलि लागतील. तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स १ मिलित १०० मिलिग्रॅम असतात. त्यातले ५ मिलि पोटात गेले तर डोस दुपटीहून जास्त. त्यामुळे ‘एक चमचा’ हे माप विसरा आणि बाटलीसोबतची टोपी किंवा सिरिंज वापरा. २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा देऊ नका. सर्दी-तापाच्या मिश्र सिरपमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय दोन्ही एकत्र नकोत.

पावसाळ्यात आणखी एक भान ठेवा. डेंग्यूत धोक्याची वेळ बहुतेकदा ताप उतरताना येते, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन अजिबात नको.

राहिला प्रश्न चर्चगेटहून धावत येण्याचा. अर्ध्या तासात शाळेत पोचतील अशी दोन माणसं आत्ताच ठरवा: आजी, शेजारच्या काकू, कुणीही. त्यांची नावं, फोन नंबर, फोटो आणि तुमचं संमतीपत्र शाळेकडे देऊन ठेवा. हे नसलं की शाळा मूल दुसऱ्याच्या हाती देत नाही, आणि तापलेलं पोर तुमची लोकल येईपर्यंत बाकावर डोकं टेकून बसतं.

प्रश्न : मुलाला (वय ४) हँड-फूट-माउथ (हात, पाय आणि तोंडात फोड येणारा विषाणूचा आजार) झाला होता. शाळा ‘आता संसर्ग होणार नाही’ असं सर्टिफिकेट मागते, डॉक्टर तसं लिहून देत नाहीत. त्यातच महिन्याभराने हाताची नखं निघू लागली.
– एक वडील, परळ

उत्तर : डॉक्टर बरोबर करताहेत. फोड सुकल्यावरही या विषाणूचे अंश कित्येक आठवडे शौचातून जात राहतात, तेव्हा तसं प्रामाणिकपणे कुणालाच लिहिता येणार नाही. लिहिता येतं ते एवढंच: आजार कधी सुरू झाला, ताप कधी गेला, फोड कधी सुकले. शाळेने तेच मागावं. ताप गेला, फोड सुकले, तोंडातले व्रण भरून मूल नीट जेवू लागलं, की शाळेत जाऊ द्यावं. याला बहुतेकदा आठवडाभर लागतो. शी झाल्यावर आणि डब्याआधी साबणाने हात धुणं मात्र नंतरही पाळायला हवं. सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही. नखांची काळजी नको, खालून नवं नख येतं.

प्रश्न : कांजिण्या, गोवर, गालगुंड, डोळे येणं, उवा, मुलांना कधी परत घ्यावं?
– एक शिक्षिका, गोवंडी

उत्तर : कांजिण्यांत नवीन फोड थांबून सगळ्यांवर खपली धरली की घ्या, साधारण पाच ते सात दिवस. खपली गळायची वाट बघू नका. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस घरी. गोवराची शंका आली तर त्याच दिवशी महापालिकेच्या आरोग्य केंद्राला कळवा. २०२२ ची साथ तुमच्या गोवंडीने सोसली आहे. वर्गात गोवर किंवा कांजिण्या निघाल्या तर गरोदर शिक्षिकेला लगेच सांगा, तिने तिच्या डॉक्टरांशी बोलायला हवं. डोळे आले असतील तर चिकटा थांबेपर्यंत घरी, आणि रुमाल वेगळा.

उवांसाठी मात्र कुणालाही घरी पाठवू नका. औषध लावून सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावायला सांगा, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या लिखा तोवर फुटतात. मधल्या दिवसांत ओल्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवायची. ही सूचना सगळ्या वर्गाला एकत्र द्या, एकट्या मुलीला उभं करून नको.