सहा टक्क्यांची सूट आणि दहा दिवसांची रांग

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: आठ वर्षांपासून सायकलचं छोटं दुकान चालवतो. विक्री आणि दुरुस्ती, दोन्ही. मी आणि एक मेकॅनिक. ज्या वितरकाकडून बहुतेक सायकली घेतो, तो म्हणतोय की पुढच्या हंगामाचा माल आत्ताच एकदम बुक करा, नेहमीच्या दरावर 6 टक्के जादा सूट देतो. निम्मे पैसे निवृत्तीसाठी साठवलेल्या रकमेतून आणि निम्मे 12 टक्के व्याजाच्या कर्जातून उभे राहतील. इकडे मेकॅनिक मागे लागलाय की अजून एक माणूस घ्या, दुरुस्तीच्या सायकली ठेवायला जागा उरलेली नाही. वय 47. महिनाअखेरीस वितरकाला उत्तर द्यायचंय. सोबत वर्षाचे आकडे जोडतो आहे.

आकडे पाठवलेत ते फार बरं केलंत. खरे आकडे इथे छापत नाही. वर्षाची एकूण विक्री 100 धरून बोलतो.

या 100 पैकी 62 सायकलींचे, 24 सुट्या भागांचे आणि हेल्मेट, लाइट, कुलूप वगैरेंचे, आणि 14 दुरुस्तीच्या मजुरीचे. सायकलींवर तुम्हाला 28 टक्के सुटतात, सुट्या भागांवर 40. म्हणजे हातात पडले साधारण 17, 10 आणि 14, एकूण 41. त्यातून भाडं, वीज, विमा, मेकॅनिकचा पगार असे 33 गेले. उरले 8. तुम्ही या 8 ला नफा म्हटलंय. माझी पहिली हरकत इथेच आहे. तुमचा स्वतःचा पगार खर्चात कुठेच नाही. ‘लागतील तसे काढतो’ असं तुम्हीच लिहिलंय. मेकॅनिकचा पगार 9 आहे. मालकाला नोकरापेक्षा कमी मिळतंय आणि धोका सगळा मालकाचा. हे टोचावं म्हणून लिहीत नाही. कर्ज फेडायला ‘नफा’ आहे असं धरून तुम्ही निघाला आहात, आणि तो तिथे नाही, एवढंच दाखवायचंय.

आता ती सूट. 6 टक्के ऐकायला बरे वाटतात. पण 12 टक्के व्याजाने 6 टक्के म्हणजे बरोबर सहा महिने. माल सरासरी सहा महिन्यांत खपला तर सूट आणि व्याज यांची फिटंफाट. त्यापुढचा प्रत्येक महिना तुमच्या खिशातून. (निम्मी रक्कम स्वतःची आहे, तिला व्याज कुठे, असं म्हणाल. स्वतःचा पैसा मी कर्जापेक्षा स्वस्त धरत नाही. बुडायचा धोका तोच असतो.) तुमच्याकडे सरासरी 18 च्या खरेदीच्या सायकली दुकानात उभ्या असतात आणि वर्षाला 45 च्या खरेदीच्या विकल्या जातात. म्हणजे आजच एक सायकल सरासरी पाच महिने तुमच्याकडे मुक्काम करते. वितरकाला हवी असलेली ऑर्डर एकटीच 40 ची आहे. हंगामाच्या तोंडाला ती एकदम आली की सरासरी साठा माझ्या हिशेबाने 30 च्या घरात जातो आणि मुक्काम आठ महिन्यांवर. सूट सहाव्या महिन्यात संपलेली असेल. शिवाय एरवी मिळणारी 45 दिवसांची उधारी या सौद्यात नाही, म्हणजे दीड टक्का आधीच गेला.

आणि हे सगळा माल पूर्ण किमतीला खपला असं धरून. तुम्ही सायकली विकता, साखर नाही. एकाच मॉडेलमध्ये चार मापं आणि दोन रंग घेतले की आठ वेगवेगळ्या वस्तू झाल्या. मधली मापं पटापट जातात आणि सगळ्यात लहान नि सगळ्यात मोठी भिंतीला लागतात. वर्ष सरलं, नवीन रंग आला की त्यांना उतरवूनच काढावं लागतं. 40 च्या ऑर्डरवर 6 टक्क्यांची बचत होते 2.4. त्या ऑर्डरचा पाचवा हिस्सा, म्हणजे 8 च्या खरेदीचा आणि साधारण 11 छापील किमतीचा माल, जरी शेवटी पाऊण भावात काढावा लागला तरी तोटा होतो 2.8. व्याज अजून धरलेलंच नाही.

नुकताच घडलेला इतिहासही आठवा. 2020 मध्ये जगभर सायकलींना अचानक मागणी आली, कारखान्यांना पुरवठा झेपेना, काही सुट्या भागांसाठी वर्षभर थांबावं लागलं. मिळेल न मिळेल या भीतीने दुकानांनी आणि कंपन्यांनी जास्तीच्या ऑर्डरी टाकून ठेवल्या. तो माल पोहोचला तेव्हा, 2022 च्या सुमाराला, गिऱ्हाईक ओसरलं होतं. 2023 मध्ये कंपन्या स्वतःच भाव पाडून गोदामं रिकामी करत होत्या. ब्रिटनमधली विगल आणि चेन रिअ‍ॅक्शन ही ऑनलाइन विक्रीतली मोठी जोडगोळी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घाऊक खरेदीची त्यांची ताकद तुमच्या कितीतरी पट होती. वितरक आज सूट देतोय याचा एक साधा अर्थ असाही असतो की साठ्याचं ओझं त्याला स्वतःच्या गोदामातून तुमच्या दुकानात हलवायचंय. यात त्याचं काही चुकत नाही. तो त्याचा धंदा करतोय. पण उद्या त्यानेच भाव 15 टक्क्यांनी उतरवला तर तुमच्या 6 टक्क्यांचं काय?

आता दुसरी बाजू, म्हणजे मेकॅनिक काय म्हणतोय ती. पत्रात तुम्ही ओघात लिहून गेलात की हंगामात दुरुस्तीला दहा दिवस थांबावं लागतं आणि रोज तीन-चार जण परत जातात. मला तुमच्या पत्रातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. दहा दिवसांची रांग म्हणजे तुमचे दर कमी आहेत. ओव्हरहॉलिंगचे दर तुम्ही तीन वर्षांत बदललेले नाहीत. मजुरी 15 टक्क्यांनी वाढवलीत तर 14 वर 2.1 मिळतात, आणि ते जवळजवळ सगळेच्या सगळे उरतात. वितरकाच्या सवलतीतून कागदावर मिळणारे 2.4, तेही कर्ज काढून आणि म्हातारपणची पुंजी लावून. इकडे 2.1, दरफलक बदलून. थोडी गिऱ्हाइकं जातील. जाऊ देत, रांग दहाची आठ दिवसांवर येईल.

त्यानंतर माणूस. तुम्ही दिलेल्या हिशेबाप्रमाणे अर्धवेळ मेकॅनिकचे वर्षाला 5, आणि दुसरा स्टँड, चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढायचं जिग, हत्यारं मिळून एकदाच 3. तुमच्या बिलांमध्ये मजुरीच्या प्रत्येक 1 मागे सुट्या भागांची 0.8 विक्री दिसते, त्यावर 40 टक्के म्हणजे 0.32. म्हणजे नव्या माणसाने वर्षाला 3.8 ची जादा मजुरी आणली की त्याचा पगार निघतो. आजच्या मजुरीच्या हे साधारण 27 टक्के झाले. परत जाणारे तीन-चार जण पाहता मला हे अशक्य वाटत नाही, पण पहिल्या वर्षी निघेलच असंही सांगणार नाही. नवा माणूस पहिले दोन-तीन महिने तुमचाच वेळ खातो. म्हणून त्याला हंगामाच्या आधी घ्या, ऐन गर्दीत नाही.

एक गोष्ट मात्र पटली नाही. ‘ऑनलाइन घेतलेल्या सायकलींना मी हात लावत नाही’, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. राग समजतो. पण खोक्यात अर्धवट जोडून आलेली सायकल नीट जुळवणं, गिअर बसवणं, ब्रेक लावणं हे काम इंटरनेटवरून होत नाही. तुमचे 28 टक्के त्या सायकलीवर बुडलेच आहेत, मग पुढच्या पाच-सहा वर्षांच्या चेन, टायर आणि मजुरीवर पाणी का सोडता? सायकलींचे भाग बनवणाऱ्या शिमानो या जपानी कंपनीने सप्टेंबर 2023 मध्ये 2012 ते 2019 दरम्यान बनलेल्या 11-स्पीड (मागे अकरा गिअर असलेल्या) रोड सायकलींच्या क्रँकची, म्हणजे पेडल ज्याला बसतं त्या दांड्याची, तपासणी जाहीर केली. नुसत्या अमेरिकेत असे सुमारे 6 लाख 80 हजार क्रँक होते. ते तपासायचं काम दुकानांच्या वर्कशॉपमध्येच आलं. सायकल कुठूनही घेतलेली असो, ती मोडते तेव्हा माणसाला जवळचं दुकान लागतं. मी स्वतः एकदा कुरकुरणारी चेन घेऊन गेलो असताना ‘आमच्याकडची नाही’ म्हणून परत पाठवला गेलोय. त्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

सुट्या भागांचा साठा थोडा वाढवायला माझी ना नाही. तिथे पैसा लवकर फिरतो आणि मापांचा घोळही कमी असतो. टायरवर छापलेली मापं वेगळी दिसली तरी 700सी आणि 29 इंची, दोन्ही टायर 622 मिलिमीटरच्या एकाच रिमव्यासाचे; 650बी आणि 27.5 इंची 584 चे. रुंदी नीट पाहून घेतली तर मोजक्या ट्यूबमध्ये बरीच गिऱ्हाइकं भागतात. चेन मोजायचं गेज काउंटरवरच ठेवा. 11 आणि 12-स्पीडची चेन 0.5 टक्के ताणली गेली की बदलावी, नाहीतर कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) बदलायची पाळी येते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर मोजून दाखवलंत तर त्याचाही मोठा खर्च वाचतो.

निवृत्तीच्या रकमेला हात लावू नका. तुमची रोजची मिळकत, अनामत, उधारी सगळं त्या एका दुकानात आहे. त्याच्या बाहेर असलेली ही एकमेव गोष्ट. कर्जावरही बँक तुमची वैयक्तिक हमी मागेल, म्हणजे दुकान अडचणीत आलं तर हप्ते घरातून जातील. आणि पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात, सायकली येणार तीन महिन्यांनी. तो मधला काळ तुमचा मंदीचा असतो हे तुमच्याच तक्त्यात दिसतंय. स्टँड आणि हत्यारांचे 3 मात्र गल्ल्यातून, दोन टप्प्यांत निघू शकतील.

वितरकाला सरळ नाही म्हणू नका. त्याला विचारा: निम्मी ऑर्डर, तीन खेपांत, न खपलेली मापं बदलून मिळावीत, आणि हंगामात त्याने भाव उतरवला तर शिल्लक नगांवरचा फरक तुमच्या खात्यात जमा व्हावा. एवढं मान्य केलं तर 6 ऐवजी 3 टक्क्यांवरही मी सही करा म्हणेन. मान्य नसेल तर नेहमीसारखी छोटी ऑर्डर टाका.

उत्तर देण्याआधी एक संध्याकाळ काढा. दुकानातल्या प्रत्येक सायकलवर ती आल्याची तारीख खडूने लिहा आणि आठ महिन्यांहून जुन्या एका बाजूला उभ्या करा. त्यात सगळ्यात लहान मापाच्या किती निघतात ते मला जरूर कळवा.