आयटीची फूटपट्टी सरकीच्या बॅगेला लावताना

तुमचा प्रश्न असा, की ज्याच्या तंत्रावर बाकीचे उभे त्याच्याकडे मलिदा जातो आणि एकदा अडकलेलं गिऱ्हाईक सुटत नाही, हा सॉफ्टवेअर शेअरचा हिशेब बियाणं, सळई, ऑटोपार्ट यांना लावावा का. मी जालन्याचा. लावून पाहिलाय, पैसेही घालवलेत.

२००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली. जनुक एकाचं, बियाणं विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ, आणि प्रत्येक बॅगेमागे जनुकवाल्याला रॉयल्टी. मला वाटलं, हेच आपलं विंडोज! म्हणून बियाण्याच्या एका कंपनीचा शेअर घेतला. म्हणजे विंडोज सोडून कॉम्प्युटर जोडणारा घेतला, हे फार उशिरा कळलं.

बरं, जनुकवाल्याचं तरी काय झालं? २०१५ च्या शेवटी केंद्राचा दर नियंत्रण आदेश आला. २०१६ च्या खरिपाला ४५० ग्रॅमची बीजी-२ ची (बीटीच्या दुसऱ्या पिढीची) बॅग ८०० रुपयांना, त्यात रॉयल्टी ४९. २०२० ला रॉयल्टी शून्य. तोवर गुलाबी बोंडअळीही त्या जनुकाला सरावली होती. सॉफ्टवेअरला अळी लागत नाही, आणि त्याचा भाव कृषी मंत्रालय ठरवत नाही.

शिवाय संकरित सरकी दरवर्षी नवी घ्यावीच लागते, पण त्याच कंपनीची घ्यावी असं कुठंय? मृगाच्या तोंडावर शेजाऱ्याची बोंडं आठवतात, दुकानदार दुसरीच बॅग पुढं करतो, संपलं. म्हणून मी आता पहिल्यांदा एवढंच बघतो : गिऱ्हाईक उद्या दुसरीकडं गेलं तर त्याचं काय अडतं?

सळईत काहीच अडत नाही. तिथं भंगाराचा भाव, वीजबिल आणि बांधकामाची तेजी-मंदी बघा, बाकी थिअरी गुंडाळून ठेवा. वाळूज एमआयडीसीतल्या ऑटोपार्टवाल्यांचं निम्मं जुळतं. डाय (पार्टचा साचा) बनली, सॅम्पल पास झालं, की गाडीचं मॉडेल चालू असेपर्यंत कंपनी सहसा व्हेंडर बदलत नाही. पण दर घासायला तीच बसते, त्यामुळे विक्रीतला किती हिस्सा एकाच गिऱ्हाइकाचा, ते वार्षिक अहवालात आधी शोधा.

थिअरी खरी कुठं दिसते सांगू? लातूरच्या मोंढ्यात. खरेदीदार आहेत म्हणून सोयाबीन येतं, सोयाबीन येतं म्हणून खरेदीदार, त्यामुळे तिथून सहसा कुणी सुटत नाही. फक्त ती बाजार समिती आहे, शेअर मिळत नाही.