व्याध ठळक दिसतो, मग राजन्य जास्त तेजस्वी कसा?

कोथरूडच्या गच्चीवरून व्याध मृगातल्या राजन्यापेक्षा कितीतरी ठळक दिसतो, मग पुस्तकात राजन्य जास्त तेजस्वी का, असं तुम्ही विचारलंत. तुमचे डोळे बरोबर आहेत आणि पुस्तकही. ताऱ्याचं तेज मोजायच्या आकड्याला प्रत म्हणतात. डोळ्यांना दिसते ती दृश्य प्रत. तारा 10 पार्सेक, म्हणजे 32.6 प्रकाशवर्षांवर नेऊन ठेवला तर जी दिसेल ती निरपेक्ष प्रत. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, हा उलटा हिशोब आधी अंगवळणी पाडा. 1856 साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ पॉग्सनने 5 प्रतींचा फरक म्हणजे तेजात 100 पट असं प्रमाण ठरवलं. म्हणजे एका प्रतीला साधारण अडीच पट.

लॉगरिदमचं सूत्र लगेच पाठ करू नका, ही माझी कळकळीची विनंती. दृश्य प्रती पाहा: व्याध उणे 1.46, राजन्य 0.13. फरक 1.59 प्रतींचा, म्हणजे व्याध आपल्याला सव्वाचार पट ठळक दिसतो. पण व्याध 8.6 प्रकाशवर्षांवर आहे आणि राजन्य सुमारे 860. शंभर पट लांब! प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो, त्यामुळे दोघे सारखेच असते तर राजन्य 10,000 पट मंद दिसायला हवा होता. तो फक्त सव्वाचार पट मंद दिसतो. म्हणजे मुळात तो व्याधाच्या 2,300 पटींहून तेजस्वी आहे. निरपेक्ष प्रती तेच सांगतात: व्याध 1.4, राजन्य उणे 7 च्या आसपास. (हे फक्त दृश्य प्रकाशापुरतं, राजन्याचा अतिनील प्रकाश वेगळाच.)

निरपेक्ष प्रत थेट मोजता येत नाही, हे मात्र विसरू नका. ती अंतरावरून काढतात, त्यामुळे अंतर चुकलं की तीही चुकते. वाटेतल्या धुळीचाही हिशोब धरावा लागतो.

आपल्या सूर्याची निरपेक्ष प्रत 4.8. तो 10 पार्सेकवर असता तर पुण्याच्या उजळलेल्या आकाशात शोधूनही सापडणं कठीण.

अगस्त्याची तुलना करणार असाल तर जपून. पुण्यातून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम 19 अंश चढतो. हवेच्या जाड थरातून येताना त्याचा प्रकाश घटतो, आणि पुस्तकातली उणे 0.74 ही प्रत वातावरणाबाहेरची आहे. तो दक्षिणेला सर्वांत वर असेल तेव्हाच पाहा, आणि तुलनेला तेवढ्याच उंचीवरचा तारा घ्या.